बोरोसिलिकेटच्या रंग बदलणाऱ्या रॉडमधून हवा तो रंग कसा उठवायचा

गोव्यात माशेलला आमच्या घराच्या मागच्या पडवीत माझा बर्नर मांडलेला आहे. त्याआधी बावीस वर्षं मी प्रयोगशाळांसाठी काच जोडली. कंडेन्सर, स्टॉपकॉक, व्हॅक्यूम लाइन, तडकलेले फ्लास्क. त्या कामात काच पाण्यासारखी स्वच्छ राहिली की काम झालं. त्यामुळे चांदी मिसळलेल्या काचेचा रंगीत रॉड पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो साध्या रॉडसारखाच वितळवला, थेंबाचा आकार दिला आणि थेट भट्टीत ठेवला. सकाळी निघाला फिका, मध घातलेल्या पाण्यासारखा.

चार दिवसांनी त्याच रॉडच्या उरलेल्या तुकड्यातून गडद जांभळा थेंब निघाला, कडेला निळी झाक असलेला. गॅस तोच, बर्नर तोच, भट्टी तीच. खूप विचार केल्यावर आठवलं, की त्या दिवशी काम चालू असताना दारात मासेवाली आली होती. मी थेंब ज्योतीबाहेर धरून, फिरवत फिरवत, तिच्याशी बोललो, बांगडे घेतले नाहीत, आणि थेंब पुन्हा ज्योतीत नेऊन काम संपवलं. फरक होता तो त्या अर्ध्या मिनिटाचा. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या अर्ध्या मिनिटाबद्दलच आहे, कारण शिकायला येणारी बहुतेक माणसं तिथेच घाई करतात.

रॉडच्या आत काय चालतं

रंग बदलणारे म्हणून मिळणारे बोरोसिलिकेट रॉड दोन अगदी वेगळ्या जातींचे असतात. एका जातीत चांदी असते आणि तिचा रंग आपण ज्योतीत घडवतो. दुसरीत निओडिमियमसारखी दुर्मिळ मृदा धातूंची ऑक्साइडं असतात. त्यांचा रंग आपल्या हातात नसतो, काचेवर कुठल्या दिव्याचा उजेड पडलाय त्यावर तो बदलतो. दुसऱ्या जातीबद्दल शेवटाकडे सांगतो. शिकण्यासारखं खूप आहे ते पहिल्या जातीत.

चांदीच्या रॉडमध्ये चांदी काचेत विरघळलेली असते, पाण्यात साखर विरघळावी तशी. त्या अवस्थेत तिचा रंग जवळजवळ दिसत नाही. काच थंड व्हायला लागली की चांदीचे अणू एकमेकांना धरून बारीक बीजं तयार करतात. पुन्हा हलकी उष्णता दिली की त्या बीजांवर आणखी चांदी बसते आणि कण वाढतात. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजायचे इतके लहान. ते किती मोठे झाले आणि किती दाटीने बसले यावर प्रकाशातला कुठला भाग अडतो हे ठरतं. आधी पिवळा, मग अंबर, मग तांबूस, पुढे जांभळा आणि निळसर. घरी दोरा सोडून खडीसाखर केली असेल तर हे लगेच कळेल. पाक उकळताच राहिला तर दाणा धरत नाही. तो निवावा लागतो.

ही विद्या नवी नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक आहे. समोरून उजेड पडला की तो हिरवट दिसतो, आतून उजेड आला की लाल. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे असेच सूक्ष्म कण सापडले आहेत. आपल्या कामातली काच मात्र खूप अलीकडची. जर्मनीत ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरोसिलिकेट काच विकसित केली, अमेरिकेत १९१५ साली ती पायरेक्स नावाने स्वयंपाकघरात आली, आणि आपल्याकडे बोरोसिल कंपनी १९६२ साली सुरू झाली. सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असलेली ही काच तापल्यावर फार कमी प्रसरण पावते. तिचा प्रसरण गुणांक ३३ धरतात. बांगड्यांची आणि मण्यांची मऊ सोडा काच ९० ते १०४ च्या घरात असते.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण मी त्यांच्यामुळे एक अख्खी ऑर्डर गमावली आहे. एका विक्रेत्याने बोरो, म्हणजे बोरोसिलिकेट, म्हणून मला निळे रॉड दिले. मी त्यांची नक्षी साध्या बोरोच्या पेंडंटवर घातली. सतरा पेंडंट भट्टीतून अखंड निघाली आणि टेबलावर ठेवल्यावर रात्रभर टिक, टिक करत एकेक तडकत गेली. बायकोला वाटलं पाल आहे.

तेव्हापासून अनोळखी रॉड आला की आधी दोन गोष्टी बघतो. पहिली, टोक ज्योतीत धरायचं. सोडा काच लगेच लोळते आणि भडक नारिंगी ज्वाळा सोडते. बोरो हट्टाने उशिरा वितळतं आणि ज्वाळा त्या मानाने बेताची असते. दुसरी, ओळखीच्या स्वच्छ बोरोचं आणि नव्या रॉडचं टोक शेजारी शेजारी चिकटवायचं आणि दोन्ही मिळून वीतभर लांब, बारीक धागा ओढायचा. थंड झाल्यावर धागा सरळ राहिला तर दोन्ही काचा जुळतात. धनुष्यासारखा वाकला तर तो रॉड या कामासाठी नाही.

ज्योत

या काचेला ऑक्सिजन लागतोच. ती साधारण ८२० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि मनासारखी वाहायला १२०० च्या पुढे जावं लागतं. नुसत्या हवेवर चालणाऱ्या बर्नरवर तिच्यात रंगाचं काम करता येत नाही. मी १९ किलोचा व्यावसायिक एलपीजी सिलिंडर आणि ऑक्सिजनचा जंबो, म्हणजे मोठा सिलिंडर, वापरतो. जंबो फोंड्याहून टेम्पोने येतो. मण्याएवढ्या लहान कामाला ऑक्सिजन काँसन्ट्रेटरही चालतो. त्यातून सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो, पण प्रवाह थोडा असतो, त्यामुळे अंगठ्याहून जाड काही करू नका.

दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरू न देणारी झडप, हवाच. आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, खोबरेल लागलेला हात, काहीही लावू नका. घट्ट बसलाय म्हणून तेलाचा थेंब टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपणहून पेटतं.

ज्योतीची तीन रूपं डोळ्यांनी ओळखता आली पाहिजेत. ऑक्सिजन जास्त असेल तर आतले निळे शंकू आखूड, टोकदार होतात आणि ज्योत फुसफुसते. हिला ऑक्सिडायझिंग म्हणतात. ऑक्सिजन हळूहळू कमी करत गेलं की आवाज उतरतो, शंकू लांबतात, ती न्यूट्रल. आणखी कमी केलं की ज्योत फुगते, मऊ होते, टोकाला पिवळी जीभ दिसते. ती रिड्यूसिंग. कानाने ओळखायला शिका, कारण काम करताना नजर काचेवर असते.

चांदीचा रॉड वितळवताना आणि आकार देताना ज्योत न्यूट्रलपेक्षा किंचित ऑक्सिडायझिंग ठेवा. सुरुवातीलाच गॅस जास्त झाला तर वरच्या थरातली चांदी लगेच धातू होऊन बसते आणि राखाडी मळ येतो. हा मळ आत दुमडला गेला की काम तिथेच बिघडतं. बर्नरच्या तोंडाशी, निळ्या शंकूंना चिकटूनही काम करू नका. तिथे रंगीत काच उकळते आणि बुडबुडे धरते. स्वच्छ रॉडवर काम करायची सवय असलेला हात आपोआप जवळ जातो. मला तो चार बोटं मागे घ्यायला महिना लागला.

डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा हवा. काचेतल्या सोडियममुळे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पिवळी चमक उठते, ती हा चष्मा गाळतो आणि काचेचा खरा रंग दिसतो. मोठ्या तुकड्यावर उष्णतेची किरणं जास्त येतात, तिथे मी शेड ३ ची (वेल्डिंगची गडद) काच जोडलेला चष्मा लावतो. आणि पडवी उघडी असली तरी डोक्यावर एक्झॉस्ट लावा. ऑक्सिजनच्या तापलेल्या ज्योतीजवळ हवेतून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. त्यांचा वास जाणवला नाही तरी संध्याकाळी छाती जड होते.

रंग उठवणं

एक थेंब करून बघा. ८ ते १० मिलिमीटरचा रॉड घ्या. आधी तो कपड्याने पुसा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक वस्तूवर दमटपणा बसतो आणि घामाच्या बोटांचं मीठ ज्योतीत फुलून वर मळ सोडतं. मी रॉड वापरण्याआधी अर्धा तास भट्टीच्या डोक्यावर ठेवतो. ज्योतीत टोक एकदम घालू नका. शेपटीकडून आत आणा, फिरवत. रंगीत रॉड घाई केली की टप्पकन तुकडा फेकतो.

टोकाला लिंबाएवढा नको, जायफळाएवढा गोळा जमवा. तो पूर्ण वितळू द्या. चांगला तापला की पांढरट पिवळा दिसतो आणि त्यातला आधीचा रंग निघून जातो. माझी भाची सुट्टीत शिकायला येते. पहिल्यांदा ती ओरडली होती, "मामा, रंग गेला!"

"गेला नाही गं, विरघळला. आता बाहेर काढ."

"आणि?"

"आणि काही करू नकोस. फिरवत राहा."

ज्योतीबाहेरचं हे फिरवणं म्हणजेच ते मासेवालीचं अर्धं मिनिट. गोळा आधी नारिंगी असतो, मग गडद लाल, मग लाली विझते. लाली विझली म्हणून लगेच परत आत नेऊ नका. जायफळाएवढ्या गोळ्याची लाली विझल्यावर मी मनात पंधरा ते वीस आकडे मोजतो. मोठ्याला जास्त, मण्याला सहा-सात. या वेळात बीजं धरतात. पंखा बंद असू द्या, कारण वाऱ्याची बाजू आधी थंड होते आणि रंग एका गालावर वेगळा, दुसऱ्यावर वेगळा येतो. फार थांबलात तर तुकडा परत ज्योतीत नेताना तडकेल. तळहात दोन इंचांवर धरल्यावर उष्णता अजून जोरात लागली पाहिजे.

आता ज्योत मोठी आणि मऊ करा, न्यूट्रलच्या जरा गॅसकडे. बर्नरच्या तोंडापासून वीतभर दूर, ज्योतीच्या शेपटीत गोळा फिरवा. इथे आकार हलता कामा नये. काच पुन्हा मऊ झाली तर चांदी परत विरघळेल. मंद लाली येते न येते इतकंच तापवायचं. दहा-बारा सेकंदांत मधोमध धुरासारखी छटा दिसते. ती पसरते. अंबर होते. बाहेर काढा, पाच आकडे मोजा, परत आत. या खेपेला कडेने तांबूस येतो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीला जांभळा दाटायला लागतो आणि कधी त्यावर निळी साय धरते.

लांब एकदा तापवण्यापेक्षा या छोट्या फेऱ्या मला कायम बऱ्या वाटल्या आहेत, कारण प्रत्येक फेरीला बाहेर काढून रंग बघता येतो. पण गरम काचेचा रंग थंड काचेसारखा नसतो. तापलेली असताना ती एक-दोन पावलं गडद आणि पिवळट दिसते. म्हणून हवा त्या रंगाच्या थोडं पुढे दिसलं की थांबा. त्याहून पुढे गेलात तर कण फार मोठे होतात, पारदर्शकता जाते आणि शिजलेल्या कलेजीसारखा तपकिरी, बंद रंग येतो. तसं झालं तर फेकू नका. पूर्ण वितळवून पांढरट पिवळा करा, रंग विरघळेल, आणि लाली विझण्यापासून पुन्हा सुरू करा. दोन-तीनदा चालतं. त्यानंतर काच थकते, रंग मातकटच येतो.

कॅडमियमचे लाल-पिवळे रॉडही गरम असताना काळपट दिसून थंड झाल्यावर उजळतात. त्यांना थंडसर, स्वच्छ, ऑक्सिडायझिंग ज्योत लागते आणि ते लवकर उकळतात. त्यांना घासायचं असेल तर पाण्याखालीच घासा. त्या काचेची धूळ अंगात जाता कामा नये.

कातडी आणि वरची स्वच्छ काच

याच रॉडमधून आणखी एक वेगळी गोष्ट निघते. आकार पूर्ण झाल्यावर ज्योत मुद्दाम पिवळ्या जिभेपर्यंत न्या आणि तीन ते पाच सेकंद फक्त पृष्ठभागावरून फिरवा. चांदी वर येऊन चकचकीत कातडी धरते, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखी, निळी-हिरवी-गुलाबी. ही कातडी उघडी ठेवली तर सुंदर दिसते, पण माझ्या मते ती स्वच्छ काचेखाली हवी. लगेच ऑक्सिडायझिंग ज्योतीत स्वच्छ बोरोचा रॉड वितळवून वर थर द्या. थर टोकापासून सुरू करून वळसे घालत आणा आणि प्रत्येक वळसा आधीच्याला चिकटू द्या, म्हणजे हवा अडकत नाही. ही काच भिंगाचं काम करते, आतला रंग मोठा दिसतो, आणि पुढच्या तापवण्यात कातडी जळून जात नाही.

चांदीचा धूर देणं हा याचाच सख्खा भाऊ. रॉडच्या टोकाला शुद्ध चांदीचा मुगाएवढा तुकडा चिकटवून ज्योतीत धरला की वाफ पुढे जाते आणि समोर धरलेल्या स्वच्छ काचेवर बसते. सोन्याने गुलाबी झाक येते. अमेरिकेत बॉब स्नॉडग्रास यांनी हे तंत्र लोकप्रिय केलं. धुराची काच आरपार बघितली तर पिवळसर आणि काळ्या पार्श्वभूमीवर ठेवली तर निळी दिसते. म्हणून मी मागे काळ्या बोरोचा पातळ थर देतो. एक्झॉस्ट चालू नसेल तर धातूचा धूर अजिबात करू नका, एकदासुद्धा नाही.

निओडिमियमचा रॉड

हा वागायला सोपा. ज्योत न्यूट्रल ठेवा, रंग उठवायची गरज नाही. निओडिमियम पिवळ्या प्रकाशाचा एक अरुंद पट्टा शोषतं. म्हणून उन्हात आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली ही काच फिकट जांभळी दिसते, आणि जुन्या ट्यूबलाइटखाली निळसर होते. डिडिमियमच्या चष्म्यातही हाच धातू असतो, त्यामुळे काम करताना चष्म्यातून या रॉडचा रंग जोखत बसू नका. पातळ थरात बदल जेमतेम दिसतो. निदान १० मिलिमीटर जाडी ठेवा. विकत देताना गिऱ्हाइकाला दोन्ही उजेडात दाखवा. म्हापशाच्या बाजारात उन्हात जांभळं म्हणून घेतलेलं पेंडंट घरी ट्यूबखाली निळं दिसलं, तर ते माणूस फसवणूक समजतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

भट्टी, आणि सकाळ

तयार तुकडा ५६५ अंशांवर असलेल्या भट्टीत ठेवा. १२ मिलिमीटरपर्यंतच्या कामाला मी तासभर त्या तापमानावर ठेवतो, मग मिनिटाला दोन अंशांहून कमी वेगाने ४८० पर्यंत उतरवतो, आणि तिथून भट्टी बंद करून आपोआप निवू देतो. चांदीचा रंग भट्टीतही थोडा पुढे सरकत राहतो. सकाळी पहिला ठेवलेला आणि संध्याकाळी शेवटी ठेवलेला थेंब सारखे निघणार नाहीत. जोडी हवी असेल, कानातली करायची असतील, तर दोन्ही लागोपाठ करा.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते. एकदा चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधून होत होती आणि भट्टी ५६५ वर असताना वीज गेली ती दोन तासांनी आली. अशा वेळी दार उघडून बघू नका, एवढंच. जाड विटांची भट्टी स्वतःच हळू निवते. वीज आल्यावर सावकाश परत ५६५ ला नेऊन तासभर ठेवा आणि पूर्ण उतरण पुन्हा करा. ताण राहिलाय का हे बघायचं असेल तर संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करून त्यासमोर तुकडा धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवून पडदा काळा झाला की ताण असलेली जागा उजळ दिसते.

भट्टी हाताला सोसेल इतकी उतरल्यावरच दार उघडायचं. आमच्या घराच्या उत्तरेच्या खिडकीला अजून जुन्या शिंपल्यांच्या चकत्या आहेत. त्यातून येणारा उजेड दुधासारखा, सगळीकडून सारखा असतो. मी प्रत्येक तुकडा आधी तिथे बघतो, मग अंगणात उन्हात, मग दिव्याखाली. आणि तिथेच उभ्याने वहीत लिहितो. कालची नोंद अशी आहे: "जांभळा रॉड, दुसरी जुडी. गोळा १६ मिमी. लाली विझल्यावर १८ आकडे. मऊ ज्योत, ४ फेऱ्या. कातडी नाही. भट्टी १ तास. निकाल: मध्ये जांभळा, टोकाला अंबर राहिला. टोक ज्योतीबाहेर होतं. उद्या १८ आकडे तेच, टोक खाली करून."